पटवावं, पण लाजवू नये

परिषदेसाठी विमानानं निघालेल्या प्राध्यापकाला पर्यावरणाच्या नावानं चार शब्द सुनावले, तर तो फार तर गप्प बसतो. पटत मात्र काहीच नाही. ऑनलाइन परिषदांची बाजू घेणाऱ्या आम्हा मंडळींकडे आकडे दणदणीत आहेत. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या 2019च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला सुमारे 28 हजार माणसं जमली. त्यांच्या येण्याजाण्यातून अंदाजे 80 हजार टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. म्हणजे माणशी जवळजवळ तीन टन! त्यातले कितीतरी जण हवामानबदलाचेच अभ्यासक, त्यामुळे टोमणा अगदी ओठांवर येतो. तो गिळावा. खजील झालेला माणूस विचार करत नाही, पळवाट शोधतो.

त्यापेक्षा ज्यांना जाताच आलं नाही, त्यांची गोष्ट सांगावी. कृत्रिम बुद्धिमत्तेवरची न्यूरिप्स परिषद 2018मध्ये मॉन्ट्रियलला भरली, तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक संशोधकांना कॅनडानं व्हिसाच दिला नाही. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंचं दुखणं तरी कुठे वेगळं आहे? नोंदणी शुल्क डॉलरमध्ये, पगार रुपयांत. वर रजेचा अर्ज, बँकेचं स्टेटमेंट, व्हिसाची तारीख. याउलट 2022ची जागतिक गणित परिषद युक्रेन युद्धामुळे सेंट पीटर्सबर्गऐवजी ऑनलाइन झाली आणि घरबसल्या फुकट ऐकता आली.

मात्र एवढंच सांगून थांबणं ही लबाडी झाली. परिषदेतलं निम्मं काम चहाच्या रांगेत होतं. तिथे कप सावरत एखादी विद्यार्थिनी नामवंत संशोधकाला भाबडा प्रश्न विचारते आणि तो चक्क कागदी रुमालावर आकृती काढून दाखवतो. पडद्यावर काय असतं? काळे चौकोन, आणि ‘सर, तुम्ही म्यूटवर आहात’. अमेरिकेतल्या दुपारच्या सत्रासाठी आपण रात्री दीडला डोळे ताणत बसायचं, ते वेगळंच. शिवाय नोकऱ्या ओळखीपाळखीतून मिळतात. स्वतः जग पालथं घालून झाल्यावर नवख्यांना ‘घरी बसा’ म्हणणं शोभत नाही.

तेव्हा ज्येष्ठांना एक विनंती. बीजभाषणाचं पुढचं निमंत्रण येईल तेव्हा आयोजकांना विचारा, की मी इथूनच बोललो तर चालेल का, आणि माझ्या विमानभाड्यात जवळपासचे किती विद्यार्थी रेल्वेनं येऊ शकतील?