पुडीवरचा ठसा

आजारी माणसाइतकं असहाय गिऱ्हाईक दुसरं नाही. भाजी आपण हाताळून घेतो, कापड उजेडात धरून बघतो. औषधाची पुडी मात्र निव्वळ विश्वासावर घरी नेतो. आत काय कालवलंय ते कळत नाही, आणि घासाघीस करायला सवड नसते.

ही असहायता एका राजसत्तेनं साडेनऊशे वर्षांपूर्वी ओळखली, याचं मला फार अप्रूप वाटतं. १०७६ साली चीनच्या सोंग राजवटीनं कायफंग या राजधानीत तयार औषधांचं सरकारी दुकान उघडलं. वांग आनशी या मंत्र्यानं सुरू केलेल्या सुधारणांचा तो काळ. व्यापाऱ्यांची भेसळ आणि मनमानी थांबावी, तिजोरीतही भर पडावी, असा दुहेरी हेतू. पुढे दुकानं वाढली, औषधं बनवण्याचं काम वेगळ्या कार्यशाळांकडे गेलं, पुड्यांवर सरकारी ठसा आला.

एकाच नावाचं औषध सगळीकडे सारखंच मिळावं म्हणून ११०७च्या सुमारास वैद्यांनी पाठ तपासून ग्रंथ सिद्ध केला: २९७ औषधयोग, प्रत्येकाची द्रव्यं आणि मात्रा. नंतरच्या आवृत्त्यांत ते ७८८ झाले. त्यातल्या बेशुद्धीवरच्या एका प्रसिद्ध सुगंधी गोळीत चंदन आहे, हिरडा आहे, पिंपळीही आहे. आपल्या आजीच्या बटव्यातली ही द्रव्यं तिथं भेटली, की परकेपण गळून पडतं.

११२७मध्ये जुर्चेन सैन्यानं कायफंग घेतलं. दरबार दक्षिणेला पळाला. युद्ध चालूच होतं. तरी ११३६ साली लिनआनमध्ये, म्हणजे आजच्या हांगचौमध्ये, औषधांची दुकानं पुन्हा उघडली. तिथला एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. सेवकांनी पाळीपाळीनं रात्री दुकानातच मुक्काम करायचा. अडलेला माणूस रात्री औषधाला आला आणि ते लगेच दिलं नाही, तर शंभर फटके.

शिक्षा कठोरच. पण दया माणसाच्या मर्जीवर सोडून भागत नाही, ती कुणाच्या तरी पाळीत लिहून ठेवावी लागते, हे त्या राज्यकर्त्यांना उमगलं होतं. जिथं ही जाग सुटली, तिथं ठसाही पोकळ झाला. तेराव्या शतकातला लेखक चौ मी सांगतो, की बाजारापेक्षा एक तृतीयांश स्वस्त असलेली ही औषधं नोकरांच्या चोरीत आणि भेसळीत नासली. चांगला माल बड्या घरी जाऊ लागला. हे दुकान जनतेच्या नव्हे, अधिकाऱ्यांच्या भल्याचं, असं लोक उघड बोलू लागले.

त्या बोलण्यात मला निराशेपेक्षा हक्काची जाणीव अधिक ऐकू येते. सरकारी औषध आपलं आहे, हे लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं. म्हणून तर ते हिरावलं गेल्याचा एवढा संताप. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसालाही तोच हक्क आहे. त्यानं तो ठणकावून मागावा, आणि पलीकडच्यानं तोलताना हात आखडू नये.