ओळ कुठे संपते?
आमच्या एम.ए.च्या वर्गात एक अंध विद्यार्थिनी होती. शेजारी बसणारी मदतनीस तिला कविता वाचून दाखवी आणि लगोलग अर्थही सांगे. आम्ही निश्चिंत होतो; "तिला समजलं का?" हेही त्या मदतनिसालाच विचारत असू. एकदा ती विद्यार्थिनीच म्हणाली, "सर, ओळ कुठे संपते तेवढं मला कळू द्या. अर्थ माझा मी लावीन." आम्ही ओशाळलो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाची जबाबदारी संस्थांवर टाकली. आम्ही ती शेजारच्या बाकावर ढकलली होती. मग मदतनिसाला संहिता आदल्या दिवशी देऊ लागलो. ओळ, विराम, कडवे जसेच्या तसे वाचायचे, भाष्य करायचे नाही, असे ठरले. प्रश्न थेट विद्यार्थिनीला विचारू लागलो. पुढच्याच आठवड्यात तिने आमचा अर्थ खोडून काढला.