लकडी पुलापलीकडचं मैदान

पुण्यात लकडी पूल ओलांडला की कंडक्टर ‘डेक्कन, डेक्कन’ असा पुकारा करतो आणि निम्मी बस रिकामी होते. कुणी फर्ग्युसन रस्त्याची वाट धरतो, कुणी जंगली महाराज रस्त्याची. ज्याच्या नावाने हा अवघा परिसर ओळखला जातो, तो डेक्कन जिमखाना हा क्रीडा क्लब मात्र बाजूला उभा असतो. उतरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची नजर तिकडे वळते.

बंडोपंत भाजेकरांनी 1906 साली तो उभा केला, तेव्हा नदीच्या या काठाला भांबुर्डे आणि एरंडवण्याची शेतं होती. गोऱ्या साहेबांच्या क्लबांची दारं आपल्या लोकांना बंद असण्याचा तो काळ. अशा काळात स्वतःचं मैदान आखायला घेणाऱ्या त्या पिढीबद्दल मला अपार माया वाटते.

पण माझं मन रेंगाळतं ते जिमखान्याच्या 1919 सालच्या शर्यतींपाशी. अध्यक्ष होते उद्योगपती सर दोराबजी टाटा. मैदानात उतरलेली पोरं शेतकऱ्यांची, शेतात राबणारी, साध्या भाकरीवर वाढलेली. पायात काही नाही, धावण्याच्या तंत्राचा गंध नाही. तरीही ती अशी पळाली, की युरोपातले धावपटू पाहिलेले दोराबजी थक्क झाले. ऑलिंपिकसाठी शंभर मीटरला किती वेळ लागावा, असं विचारल्यावर एका जाणत्या सभासदाने उत्तर मिनिटांत दिलं होतं. तिथे हिशेब सेकंदांचा असतो, हे त्याला सांगावं लागलं. एवढ्या कोऱ्या पाटीवर या लोकांनी ऑलिंपिक लिहायला घेतलं!

पुढच्याच वर्षी भारताचे धावपटू आणि मल्ल अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. शर्यत 42.75 किलोमीटरची, आजच्यापेक्षा लांब. वर पाऊस आणि गारठा. 2 तास 50 मिनिटांत ती पुरी करून ते एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. पदक अगदी हाताशी येऊन हुकलं.

तेव्हापासून एकही उन्हाळी ऑलिंपिक भारतीय खेळाडूंविना झालेलं नाही. पदकविजेते आपल्याला तोंडपाठ असतात, असायलाच हवेत. पण चौगुले आणि शिंदे ही नावंही आपल्या मुलांच्या कानांवर पडू द्या. पुढच्या वेळी डेक्कनवर उतराल, तेव्हा मुलांना रस्ता ओलांडून त्या मैदानापर्यंत न्या आणि ही हकिगत तिथेच उभं राहून सांगा.