घाटापलीकडचा पाऊस

सहावी-सातवीतलं मूल वाचताना अडखळत नाही. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार सगळं अंगवळणी पडलेलं असतं. इतिहासाचा धडा ते एका दमात वाचून दाखवतं आणि घरातले निर्धास्त होतात. रोज रात्री गोष्ट वाचून दाखवणारे आईबापही याच सुमारास ‘आता तुझं तुला येतं की’ म्हणून थांबतात. मला मात्र वाटतं, घराच्या मदतीची खरी गरज या वयात सुरू होते.

माझ्या मुलीनं पर्जन्यछायेच्या प्रदेशावरचा भूगोलातला परिच्छेद असाच घडाघडा वाचला होता. बाष्पयुक्त वारे, वाताभिमुख बाजू, वातविन्मुख उतार, सगळे उच्चार स्वच्छ. ‘म्हणजे काय गं?’ असं विचारल्यावर तिनं तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. मग आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि पावसाळ्यात वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला गेलो होतो, त्याबद्दल बोलत बसलो. धुकं, पुढची गाडी दिसेना, कपडे वाळेनात. त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात तिच्या मामाचं गाव आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग डोंगराला अडले, वर चढले, थंड झाले, तिथंच रिते झाले, हे बोटानं टेबलावर काढून झालं. परिच्छेद दुसऱ्यांदा वाचताना ती मध्येच थांबली. ‘म्हणून मामाकडे टँकर येतो?’ शब्द तेच होते, पण आता त्यांना गाव होतं, रस्ता होता.

डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1988 साली हेच दाखवणारा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सातवी-आठवीतल्या 64 मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्च्या ठरलेल्या पण खेळ नीट ठाऊक असलेल्या मुलांना, वाचनात पक्क्या पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांपेक्षा मजकूर जास्त समजला आणि जास्त आठवलाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. ‘याला वाचनच येत नाही’ असं ज्याच्याबद्दल घरात बोललं जातं, त्या क्रिकेटवेड्या मुलाच्या हातात वर्तमानपत्राचं खेळाचं पान द्यावं. तिथं तो लांब वाक्यं लीलया पार करतो, पुढं काय येणार ते ओळखतो. समजून वाचणं कसं असतं ते त्याला तिथं कळतं. तेवढी चव एकदा लागली पाहिजे.

बाकी माहितीचा साठा घरानं भरायचा. मंडईत कांद्याचा भाव का चढला, विजेच्या बिलातलं युनिट म्हणजे काय, आजोबांच्या काळचं सायकलींचं पुणं कसं होतं. हे शेवटचं ठाऊक असलं की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भराभर कळत जातो. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्यातल्या शाळेत येतो म्हणजे किती लांब येतो, हे मुलाला जाणवतं.

आणि मोठ्यानं वाचून दाखवणं मुळीच थांबवू नये. पाठ्यपुस्तकाची भाषा आपण जेवताना बोलतो ती नसते. कर्ता सुरुवातीला, क्रियापद पार शेवटी, मध्ये दोन उपवाक्यं. असं वाक्य कुठं तोडायचं, कुठं श्वास घ्यायचा, हे कानावरून जातं तेव्हा उमगतं. एक पान मी, एक पान मुलगी, असा आमचा रिवाज आहे. प्रत्येक परिच्छेदाला प्रश्न विचारून मी तिची परीक्षा घेत नाही. तिला अडलं की थांबायचं. तेच पुस्तक चौथ्यांदा काढलं तरी काढू द्यावं.

ज्या घरात मोठ्यांना वाचता येत नाही, तिथं हे कसं व्हायचं? आमच्या शेजारची एक बाई शाळेत गेलेली नाही. मुलगा सातवीत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. ते तो मोबाइलवर आईला वाचून दाखवतो, ती भाकऱ्या थापत असताना. ‘असं का केलं त्यानं?’ ती विचारते. ‘मघाशी तर नाही म्हणाला होता.’ उत्तर द्यायला मुलाला मागं जावं लागतं, नक्की काय लिहिलं होतं ते शोधावं लागतं. कधी तिचं म्हणणं चुकीचं निघतं, मग तो ती ओळ तिला पुन्हा वाचून दाखवतो. ती तरीही हटत नाही, आणि त्यालाही मग आपलं म्हणणं तिच्या भाषेत, सोपं करून, पहिल्यापासून मांडावं लागतं.