अब्बांचा मशीनवाला पट

परवा माळ्यावरचा पत्र्याचा पेटारा उघडला, तर जुन्या सातबाऱ्यांच्या खाली अब्बांचा मशीनवाला शतरंजचा पट निघाला. सेलच्या कप्प्यात हिरवा गंज, दोन प्यादी गायब. माझा मुलगा म्हणाला, "बोर्ड आहे तर बटणं कशाला?" त्याला सांगता सांगता जे आठवलं ते लिहितोय.

सास्तूरला आमच्या गल्लीत अब्बांचं शिलाईचं दुकान होतं आणि दोन घरं सोडून आप्पा राहायचे. असरनंतर दोघांचा डाव ओट्यावर मांडला जायचा. खेळ देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार आणि राजाला शह बसलेला नसेल तर त्याला डावात एकदाच घोड्याची उडी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आप्पा त्यांच्याच घराच्या दगडमातीच्या भिंतींखाली गेले. आम्ही अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहताना मामू जेद्दाहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी हा पट आणला. डब्यावर कास्पारोवचं नाव. मोहरं उचलायच्या आधी त्याचं घर दाबायचं, नेऊन ठेवलं की ते घर दाबायचं. मशीन विचार करणार आणि कडेचे दोन लाल दिवे लागणार: एक उभ्या रांगेचा, एक आडव्या. ते जुळवून मशीनचं मोहरं आपणच उचलायचं आणि पुढचे दिवे लागतील तिथे ठेवायचं. म्हणजे समोरच्याची चालही आपल्याच हाताने.

अब्बांनी पहिल्याच डावात राजाची उडी मारली. मशीन ओरडलं. पुन्हा मारली, पुन्हा ओरडलं. "मानताच नई रे ये. बडा कायदेवाला है," अब्बा म्हणाले. मग मी डिक्शनरी घेऊन सोबतची इंग्रजी पुस्तिका वाचली आणि त्यांना किल्लेकोट शिकवला. पंचेचाळिशीत माणूस प्यादं दोन घरं चालवायला शिकला, कारण खेळायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

अशी यंत्रं तेव्हा काही नवी नव्हती. अमेरिकेतल्या फिडेलिटी कंपनीने 1977 मध्ये असं यंत्र बाजारात आणलं होतं. ऐंशीच्या दशकात जर्मनीच्या मेफिस्टो यंत्रांचा दबदबा होता आणि त्यातल्या उत्तम यंत्रांचे प्रोग्राम रिचर्ड लँग या इंग्रज माणसाने लिहिले होते. गंमत म्हणजे त्याच लँगच्या 'चेस जीनियस'ने 1994 मध्ये लंडनच्या जलद स्पर्धेत कास्पारोवला हरवलं, पण पेंटियमच्या कॉम्प्युटरवर. पटातली चिप जन्मभर तीच राहते. घरच्या कॉम्प्युटरचं डोकं मात्र दर वर्षी वेगवान होत गेलं, वर त्यावर पत्रंही टाइप करता येत. खास पटासाठी पैसे कोण मोजणार?

मीही नाहीच मोजले. 2001 मध्ये लातूरहून जुना कॉम्प्युटर आणला, त्यात बुद्धिबळाचा प्रोग्राम टाकला आणि मोठ्या हौसेने अब्बांना बसवलं. पंचवीस चालींत मात. वर मी शहाणपणा करून विश्लेषणाचं बटण दाबलं. आप्पांविरुद्ध वर्षानुवर्षं चाललेली अब्बांची लाडकी घोड्याची चाल चूक आहे, असं पडद्यावर आलं. अब्बा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठताना म्हणाले, "इसकी चाल भी ये खुदच चलता. मैं क्या करूं बैठके?"

तेव्हा मला रागच आला होता. खरं सांगायचं तर प्रोग्राम सगळ्या बाबतींत सरस होता, आणि मला जे काही येतं ते मी त्याच्याकडूनच शिकलो. फक्त लाइट गेली की तो बंद. सास्तूरला लाइट रोज जायची. अब्बा मग सेलवरचा पट घेऊन दाराशी बसायचे. एकदा मी मागून येत होतो. लाल दिवे लागले, अब्बांनी काळा उंट उचलला आणि हळूच म्हणाले, "थांबा आप्पा, तुमचं चालवतो."

मी तसाच मागे फिरलो.

परवा पॉलिश पेपरने गंज घासला, नवे सेल घातले. आधी काहीच नाही, मग एक बारीक आवाज. हरवलेल्या दोन प्याद्यांच्या जागी अब्बांच्या डब्यातल्या कोटाच्या गुंड्या ठेवल्या. मुलगा खेळायला बसला. त्याला शतरंज शिकवला होता अब्बांनीच, त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत. सहाव्या-सातव्या चालीला त्याने राजा उचलला आणि घोड्यासारखा उडवला.

मशीन ओरडलं.