लाकेनहालमधला न्यायाचा दिवस

नेदरलँड्समधल्या लायडनच्या लाकेनहाल संग्रहालयात लुकास फान लायडनचं ‘अंतिम न्याय’ हे तीन फळ्यांचं चित्र आहे. एका लाकूड-व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या घरच्यांनी १५२६ च्या सुमारास ते पीटर्सकेर्क या चर्चसाठी रंगवून घेतलं. १५६६ मध्ये चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली गेली, त्यातून हे वाचलं. मधल्या फळीवर इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, आणि खाली जमिनीतून उठणारी माणसं. सगळी उघडी. सावकार कोण, विणकर कोण, ओळखू येत नाही. एका कडेला आगीत ढकलली जाणारी माणसं आहेत, पण माझी नजर नेहमी मधल्यांवर खिळते, ज्यांचा निवाडा अजून व्हायचाय.

संग्रहालयाची ही वास्तू १६४० ची, लोकरी कापड तपासण्यासाठी बांधलेली. प्रत्येक ठाण इथे पारखलं जायचं, मग त्यावर शिशाचा शिक्का बसायचा. अशी पारख आजही सगळीकडे आहे. नियम मोडला की दंड, कामात कसूर झाली की शेरा. दंड भरला की प्रकरण मिटलं. पण सहकाऱ्याचं श्रेय गुपचूप लाटलं, म्हाताऱ्या आईला महिनोन्‌महिने फोन केला नाही, शेजाऱ्याचा धंदा बुडाला तेव्हा मनातून बरं वाटलं, याचा दंड कुठल्या खिडकीवर भरायचा? ख्रिस्ती श्रद्धा याला पाप म्हणते. त्यात माणूस दुखावतो आणि त्या माणसाला घडवणारा देवही दुखावतो.

याच गावच्या विद्यापीठात आर्मिनियस आणि गोमारस हे दोन प्राध्यापक देवाच्या कृपेवरून भांडले. कृपा नाकारणं माणसाच्या हाती आहे की नाही, हा वाद आर्मिनियस १६०९ मध्ये वारल्यावरही शमला नाही. १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेपर्यंत देश दुभंगला होता. माणूस पापी आहे, याबद्दल मात्र दोघांचं दुमत नव्हतं. आर्मिनियसला पुरलं त्या पीटर्सकेर्कमध्ये आता परिषदा आणि मेजवान्या होतात, आणि देशातले निम्म्याहून अधिक लोक आपण कुठल्याच धर्माचे नाही असं सांगतात.

तरी इथे पश्चात्ताप उरलाच नाही, असं मी म्हणणार नाही. १ जुलै २०२३ रोजी राजा विलेम-अलेक्झांडर यांनी गुलामगिरीबद्दल जाहीर क्षमा मागितली. ते योग्यच झालं. पण पूर्वजांचं पाप स्पष्ट दिसतं, स्वतःचं दिसायला फार वेळ लागतो.

आणि पापाची कल्पना गेली म्हणून माणूस मोकळा झाला का? मला उलटंच दिसतं. कुणाचं एक जुनं वाक्य उकरून काढायचं, त्याला आयुष्यभर त्यावरून ओळखायचं, ही निर्दयता रोज मोबाइलवर चालते. पापच नाही म्हटल्यावर क्षमा मागायची कुणाकडे आणि द्यायची कुणी? माणसाला मग एकच वाट उरते, स्वतःचा बचाव करत राहण्याची.

याउलट आपल्याकडे १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली आपापली पापं बोलून दाखवत रडल्या, आणि त्यानंतर आनंदाने गायल्या. समाजाने टाकलेल्या, दुष्काळातून आलेल्या या मुली. जगाने त्यांच्यावर केलेला अन्याय त्यांच्या चुकांहून कितीतरी मोठा होता. तरी आपलं पाप आपलं म्हणून मांडण्याचा मान त्यांनी सोडला नाही. त्यांचं रडणं मला कमीपणाचं वाटत नाही. देव आपलं ऐकतो, आपण त्याच्या दृष्टीने इतके महत्त्वाचे आहोत, हा विश्वास असल्याशिवाय कुणी असं बोलत नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांतही सामुदायिक पापकबुली आता एका दमात म्हटली जाते. पुढचं गीत लगेच सुरू होतं. पाळकांना माझी विनंती आहे: कबुलीच्या आधी दोन मिनिटं गप्प बसू द्या. ज्याला आठवायचंय त्याला आठवू द्या, आणि मग पापक्षमेचे शब्द सावकाश, सगळ्यांना ऐकू जातील असे म्हणा.