नातीची शर्यत

माझी बारा वर्षांची नात नेहरू स्टेडियमवर धावायला जाते. केस बारीक कापलेले, आवाज जरा जाड. परवा शेजारची बाई हळूच म्हणाली, "मुलगीच आहे ना हो ही?" मी हसून टाळलं, पण रात्री जेवण गेलं नाही.

शांती सौंदराजन आठवली. 2006 साली दोह्याच्या एशियाडमध्ये तिनं 800 मीटरचं रौप्य जिंकलं. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं. पदक गेलंच, शिवाय तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. द्युती चंदला 2014 मध्ये थांबवलं. ती क्रीडा लवादात लढली आणि 2018 च्या एशियाडमध्ये दोन रौप्यपदकं घेऊन आली.

1 सप्टेंबर 2025 पासून अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धांत महिला गटासाठी जनुकचाचणी आली आहे. शर्यत बरोबरीची हवी, हे मलाही पटतं. पण हे लोण उद्या शाळेच्या मैदानावर आलं, तर आधी बोट कुणाकडे जाईल? जाड आवाजाच्या मुलीकडेच ना! बायांनो, आपण पाणी गाळून पितो. शब्दही गाळूनच बोलावेत.

"आजी, त्या काकू काय विचारत होत्या?"

"तू कितवी आलीस, ते."

तेवढं खोटं मला पाप वाटलं नाही.